भाकर दीडवर आणली, तरी आईची साखर का उतरत नाही?

नमस्कार दादा. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. आईचं वय ५४, गाव दारव्हा तालुक्यात, घरी कोरडवाहू शेती, आणि आई रोज वावरात जातात. आठ महिन्यांपूर्वी गावातल्या तपासणीत साखर आणि बीपी दोन्ही निघालं. साखरेसाठी मेटफॉर्मिन दोन वेळा आणि सकाळी ग्लिमेपिराइड, बीपीसाठी ॲम्लोडिपिन. परवाच्या तपासणीत उपाशीपोटी १६२, जेवणानंतर २४८, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ८.६ आणि बीपी १४८/९२. दीड महिन्यापासून भात बंद, पोळी बंद, फळं बंद. ज्वारीची भाकर चालू, पण तीही जेवणाला तीनवरून दीडवर आणली. साखरेऐवजी गुळाचा चहा आणि सकाळी कारल्याचा रस. एवढं करूनही आकडे जवळपास तिथंच, आई मात्र वाळत चालल्या आहेत, आणि दुपारी वावरात त्यांचे हातपाय थरथरतात. तुम्ही विचारलंय, ‘आता आणखी काय बंद करू?’

काहीही बंद करू नका. तुम्ही लिहिलेल्या दिवसभराच्या जेवणात मला जास्तीचं फार थोडं दिसतं, कमी पडलेलंच जास्त दिसतं. ते पुढे सांगते. आधी तातडीची गोष्ट.

हातपाय थरथरणं, घाम सुटणं, डोळ्यांपुढं अंधारी येणं आणि गूळ-पाणी घेतलं की बरं वाटणं, याला तुम्ही अशक्तपणा म्हटलंय. मला ही साखर एकदम खाली गेल्याची लक्षणं वाटतात. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवा किंवा जेवू नका. आई सकाळी सहाला चहासोबत गोळी घेतात, स्वयंपाक उरकून वावरात जातात, दिवसभर वाकून कापूस वेचतात आणि पहिला घास एक वाजता तोंडात जातो. मधले सात तास गोळी काम करत असते, कष्टही साखर जाळत असतात आणि पोटात मात्र काही नसतं. मग थरथर होते, गूळ खाल्ला जातो, पाठोपाठ भुकेनं भाकर खाल्ली जाते आणि साखर उसळते. एकाच दिवशी साखर खालीही जाते आणि वरही. तपासणीच्या कागदावर फक्त वरची दिसते.

म्हणून याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि ही थरथर त्यांना वेळेसकट सांगा. ती न सांगता फक्त २४८ चा कागद दाखवला, तर डोस वाढण्याची शक्यता आहे आणि त्यानं धोका वाढेल. गोळी बदलायची की कमी करायची हे ते ठरवतील. तोवर ग्लिमेपिराइड न्याहारी समोर आल्यावरच घ्यायची, नुसत्या चहावर कधीच नाही. वावरात जाताना पदराला साखरेची पुडी बांधायची. थरथर सुरू झाली की तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, १५ मिनिटं सावलीत बसायचं, बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच घ्यायची आणि मग भाकर खायची. ग्लुकोमीटर असेल तर त्या वेळी मोजा. ७० च्या खाली म्हणजे साखर कमी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका, सरळ दवाखाना गाठा. सोबत वेचणाऱ्या बायांनाही हे सांगून ठेवा, कारण तिथे तुम्ही नसता.

आता जेवणाकडे येऊ.

माझ्याकडे येणाऱ्या बायांना मी ‘काय खाता?’ असं सहसा विचारत नाही. उत्तर ठरलेलं असतं: भाकर, भाजी, वरण. मी विचारते, ‘काल रात्री घरात शेवटी कोण जेवलं, आणि तेव्हा पातेल्यात काय होतं?’ मग खरं कळतं. सहा माणसांच्या घरात मूठ-दोन मूठ तुरीच्या डाळीचं वरण होतं. पुरुष आणि पोरं आधी जेवतात. बाई बसते तेव्हा तळाशी वाटीभर उरलेलं असतं, त्यात पेलाभर पाणी घालून एक उकळी देतात, आणि त्यात भाकर कुस्करून जेवण होतं. भाजी संपलेली असते, म्हणून ठेचा. ताटात भाकर तेवढी पोटभर असते. तुमच्या आईचं असंच होत असेल असं मी ठामपणे म्हणणार नाही, पण तुम्ही लिहिलेल्या यादीत ‘वरणाचं पाणी’ हा शब्द दोनदा आलाय, म्हणून लिहिते.

अशा ताटातली भाकर निम्मी केली की काय होतं? साखर थोडी उतरते, पण त्या जागी काहीच येत नाही. पोट भरत नाही, अंगातलं मांस झिजतं, चार वाजता भूक लागते आणि मग चहा-टोस्ट किंवा गूळ. वाळत जाणाऱ्या शरीरात स्नायू कमी होतात, आणि खाल्लेली साखर सगळ्यात जास्त वापरणारे तेच स्नायू असतात. नुसती उपासमार करून मधुमेह काबूत येत नाही, याचं मोठं कारण हे.

ज्वारीबद्दलही स्पष्ट बोलते, कारण आपल्याकडे ‘भाकर खा, शुगर जाते’ असं सर्रास सांगतात. ज्वारी उत्तम धान्य आहे. पॉलिश केलेल्या तांदळात तंतू १०० ग्रॅमला तीन ग्रॅमच्या आत, ज्वारीत साधारण १०. त्यामुळे पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि साखर सावकाश चढते. पण पिष्ट, म्हणजे अंगात जाऊन साखर होणारा भाग, तिच्यातही आहेच: १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम, गव्हाच्या कणकेत त्याच्या आसपास, तांदळात ७८. आपल्याकडची परातीएवढी थापलेली भाकर ८० ग्रॅम पीठ सहज घेते. अशा तीन भाकरी म्हणजे २४० ग्रॅम पीठ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिलेल्या नमुन्याच्या ताटात २००० कॅलरीच्या आहारासाठी दिवसभराचं सगळं धान्य २५० ग्रॅम धरलंय. म्हणजे आई पूर्वी एका जेवणात दिवसाचं धान्य संपवत होत्या. ते कमी करायला हवंच होतं, तुमचं काही चुकलं नाही. आता त्या रिकाम्या झालेल्या जागेत डाळ, भाजी आणि दाणे यायला हवेत.

त्याच नमुन्याच्या ताटात डाळी ८५ ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम आहेत. एकदम तिथे उडी कोणीच मारत नाही. मी घरच्यांना माणशी रोज ६० ग्रॅम डाळीचं लक्ष्य देते. पाच माणसांना ३०० ग्रॅम, वर्षाला साधारण ११० किलो डाळ. ‘एवढी डाळ परवडणार कशी?’ हा प्रश्न खरा आहे. पण तुमच्याकडे कपाशीत तुरीच्या ओळी आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. शंभर किलो तुरीतून ७० किलोच्या आसपास डाळ निघते. म्हणजे दीड क्विंटल तूर घरच्या खाण्यासाठी बाजूला काढली की वर्ष निघतं. बहुतेक घरांत तूर निघाली की सगळी मार्केटला जाते, आणि मग पावसाळ्यात दुकानातून पाव-पाव किलोनं डाळ येते. पाव किलो विकत आणलेली डाळ बाई जपूनच घालणार. कणगीत डाळ असली की हात सैल होतो. यंदा तूर निघेल तेव्हा विकण्याआधी घरची काढा, एवढी माझी मनापासून विनंती आहे.

दुसरी गोष्ट, आईचं वरण आणि भाजी वाढणी सुरू होण्याआधी वेगळ्या वाटीत काढून झाकून ठेवा. हे काम तुम्ही करा, आई स्वतः कधीच करणार नाहीत. घट्ट वरणाची मोठी वाटी, त्याहून मोठी वाटी भाजी, एक भाकर. आधी भाजी आणि थोडं वरण खाऊन मग भाकरीला हात लावला तर जेवणानंतरची साखर कमी चढते, हे अभ्यासांत दिसलंय आणि मला रुग्णांच्या मीटरवरही दिसतं. जेवल्यावर लगेच आडवं न होता अंगणात दहा-पंधरा मिनिटं फिरलं, तर आणखी फरक पडतो.

वेळांचं मी असं बसवते. सकाळी चहा अर्धा कप. वावरात निघण्याआधी, आठ-साडेआठला, एक भाकर आणि चून किंवा रात्रीचं घट्ट वरण, आणि त्याच्या अगदी आधी गोळी. चून म्हणजे पिठलं. बेसनातही डाळीइतकीच प्रथिनं असतात, फक्त त्यावर तेलाचा तवंग नको. दुपारी वावरात एक भाकर, सुकी भाजी, कांदा, जवसाची चटणी. चार-साडेचारला मूठभर फुटाणे किंवा भाजलेले फल्लीदाणे (शेंगदाणे). हेही पदराला बांधता येतात. रात्री आठच्या आत एक भाकर, वरण, पालेभाजी. आठवड्यातून दोन-तीनदा अंडी. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांनी ती सगळी बाजारात नेऊ नयेत. घरी अंडी चालत नसतील तर वाटीभर दही किंवा ताक, आणि मोड आलेली मटकी.

भात पूर्ण बंद करायची गरज नाही. रेशनवर येतात तांदूळ आणि गहू, ज्वारीचा पेरा सोयाबीननं आणि रानडुकरांनी कमी केलाय, हे आपण सगळे बघतोय. जे येतं ते खाल्लं जाणारच. भात असेल त्या वेळी एक वाटी भात आणि अर्धी भाकर, किंवा तांदळाइतकीच मुगाची डाळ आणि भाजी घालून केलेली खिचडी. भंडारा-गोंदियाकडे, जिथे दोन्ही वेळा भातच असतो, तिथल्या लोकांनाही मी हेच सांगते: भात मोजून, वरण न मोजता.

सोयाबीन घरात पोत्यांनी असतं आणि खायला कोणी घेत नाही. त्यात प्रथिनं शंभर ग्रॅमला ३५ च्या वर आहेत. कच्चं दळू नका, ते पचत नाही. रात्री भिजवा, पाणी फेका, वीस मिनिटं उकळा, कडक उन्हात वाळवा आणि दहा किलो गव्हात एक किलो या हिशेबानं दळायला द्या. पोळीची चव फारशी बदलत नाही.

भाजीची अडचण मला ठाऊक आहे. बाजार आठवड्यातून एकदा, आणि तिथून येतात आलू, वांगी. पण पावसाळ्यात तरोटा, काटवल, शेवग्याचा पाला. हिवाळ्यात मेथी, हरभऱ्याचा कोवळा पाला, पोपटीच्या शेंगा. उन्हाळ्यात चिवळ आणि घोळ, हे सगळं आपल्या बांधावर आणि परसात होतं. अंबाडीच्या भाजीत तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालायची आपली जुनी रीत आहे. पालेभाजी, डाळ आणि धान्य एका पातेल्यात, याहून चांगला सल्ला मी तरी देऊ शकत नाही. फवारणी केलेल्या वावरातली भाजी मात्र तोडू नका. घराशेजारी चार वाफे करा.

गुळाबद्दल सांगणं भाग आहे. गूळ आणि साखर रक्तात जाऊन एकच काम करतात. ‘गूळ चालतो’ म्हणून जास्त पडतो. दिवसाला पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे ४० ग्रॅमच्या वर गोड नुसतं चहातून जातं. चहा दोनवर आणा आणि गोड दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. जीभ महिन्याभरात सरावते. कारल्याचा रस बंद केला तरी चालेल. कारल्याची भाजी खुशाल खा, पण उपाशीपोटी रस आणि वर ग्लिमेपिराइड हे सकाळच्या रिकाम्या पोटासाठी बरं नाही. फळांना घाबरू नका: एक संत्रा किंवा एक पेरू रोज चालतो, अख्खा चावून, रस काढून नाही. मे महिन्यात आमरस-पोळी हे दोन पिष्टांचं जेवण होतं. त्याऐवजी जेवणाआधी आंब्याच्या दोन फोडी खाव्यात आणि त्या दिवशी भाकर अर्धी.

बीपीचं गणित मिठाचं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे एक छोटा सपाट चमचा. भाजी-वरणातलं, लोणच्यातलं, पापडातलं, ठेच्यातलं सगळं धरून. घरात मोजायची सोपी रीत: पाच माणसांना एक किलोचा पुडा चाळीस दिवस पुरायला हवा. पंधरा-वीस दिवसांत संपत असेल तर वरून घेणं थांबवा. घाम गाळणाऱ्याला जास्त मीठ लागतं असं गावात म्हणतात. रोजच्या जेवणातलं मीठ त्याला पुरतं, वेगळं घ्यावं लागत नाही. जुलाब-उलट्या झाल्या तर ती वेगळी गोष्ट, तेव्हा ओआरएस. ठेचा रोज लागतोच अशा घरात मी तो निम्म्या मिठाचा, फल्लीदाणे आणि भरपूर सांभार (कोथिंबीर) घालून करायला सांगते. तेल माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर. बीपी १३० वर आलं म्हणून गोळी सोडू नका. ते गोळीमुळेच आलेलं असतं. आणि घरात कोणी खर्रा खात असेल, आई मिसरी लावत असतील, तर बीपी आणि हृदयासाठी तेही सुटायला हवं. आहार कितीही सुधारला तरी तंबाखूचं नुकसान त्यानं भरून निघत नाही.

उपवास: ग्लिमेपिराइड चालू असताना कडक उपवास नको. आईंना एकादशी सोडायची नसेल तर साबुदाणा टाळून राजगिरा, दाण्याची आमटी, ताक आणि थोडी भगर असं दिवसभर थोडं थोडं, आणि गोळीचं डॉक्टरांना आधी विचारून. देवावरची श्रद्धा आणि औषध यांत भांडण लावायची गरज पडत नाही, हा माझा अनुभव आहे.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. आईचं वजन आणि उंची तुम्ही लिहिलेली नाही. कंबर ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर भाकरीचा मी सांगितलेला हिशेब बरोबर बसेल. त्या मुळातच सडपातळ असतील आणि आठ महिन्यांत वजन उतरत असेल, तर जेवण आणखी कमी करणं चूक ठरेल. अशा रुग्णांमध्ये कधी कधी गोळ्या पुरत नाहीत आणि इन्सुलिन लागतं. ते आहाराचं अपयश समजू नका. क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं तपासलेली नसतील तर ती आधी तपासा. मूत्रपिंडावर परिणाम झाला असेल तर डाळ, सोयाबीन, अंडी आणि पालेभाज्यांचं प्रमाण वेगळं ठरवावं लागेल, आणि मग वरचे माझे आकडे तसेच्या तसे वापरू नका. दात नसतील तर फुटाण्यांऐवजी सत्तू, भाकरीऐवजी कण्या.

आणि घाई करू नका. एचबीएवनसी म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी. तुम्ही दीड महिन्यापूर्वी बदल केला, म्हणजे त्या ८.६ मध्ये जुने दिवसही मोजलेले आहेत. पुढची तपासणी तीन महिन्यांनी करा. सातच्या आसपास आणायचं आहे, पण साखर खाली जाण्याचे झटके थांबणं हे त्याआधीचं उद्दिष्ट. बीपी आणि साखरेची गोळी, मोजणी हे गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होतं. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी तिथे करतात. तुम्ही स्वतः तिशीच्या पुढे असाल तर आईसोबत तुमचीही करून घ्या, आई-वडिलांना मधुमेह असलेल्या मुलांना तो होण्याची शक्यता जास्त असते. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालली तर बी-१२ कमी होऊ शकतं. पायाला मुंग्या येत असतील तर तेही डॉक्टरांना विचारा.

तुमच्याकडून मला तीन गोष्टी कळवा: आईचं वजन आणि उंची, क्रिएटिनिनचा आकडा, आणि थरथर होते त्या वेळची मीटरवरची साखर. मीटर घरी नसेल तर आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या सीएचओंना (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना) विचारा. ते आकडे आले की न्याहारीत भाकर एक ठेवायची की दीड करायची, ते सांगते.